पाडायच्या आधी पाणी

ते पत्र माझ्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली होतं. लोणच्याचं तेल लागून त्याचा उजवा कोपरा आरपार दिसायला लागला होता. रजिस्टरात मात्र तेच पत्र आदल्या दिवशीच पोलीस ठाण्यात पोचलं होतं. कारण रजिस्टर मी लिहायचो.

माझा हेतू वाईट नव्हता, सवय वाईट होती. मी अतिक्रमण खात्यात कंत्राटावरचा क्लार्क. सकाळी आल्या आल्या सगळ्या पत्रांना जावक नंबर टाकायचे, पोच मिळाल्याच्या रकान्यात सहीसारखं दिसणारं एक वेटोळं काढून ठेवायचं आणि मग दिवसभरात सवडीनं पत्रं वाटत फिरायचं. ही पद्धत मी आधीच्या क्लार्ककडून शिकलो, तो त्याच्या आधीच्याकडून. साहेबांनी कधीही रजिस्टर मागितलं तरी ते भरलेलं असायचं. त्या दिवशी चार वाजता दोन तालमींच्या संघांत फुटबॉलची फायनल होती. पोलीस ठाणं वाटेवरच. जाताना वाटलं, येताना देऊ. मॅच संपली आणि हरलेल्यांनी खुर्च्या फेकल्या, जिंकलेल्यांनी दगड फेकले. पोलिसांनी दोघांनाही एकाच काठीनं मोजलं. त्या गर्दीत मीही पळत होतो. ज्यांच्यापासून पळतोय त्यांनाच थांबवून पत्र देणं मला काही प्रशस्त वाटलं नाही.

पत्रात एवढंच होतं: उद्या सकाळी दहा वाजता नाल्यावरचे बारा गाळे पाडायचे आहेत, तरी पोलीस बंदोबस्त मिळावा.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला लालासाब मुकादमांचा फोन आला. लालासाबमामा आमच्या पथकाचे म्होरके. बत्तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला तेवीस दिवस राहिलेले. मी नेसरीचा म्हणून ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत.

“नेसरीकर, पत्र दिलंयस न्हवं?”

“व्हय मामा, कालच दिलंय की.”

“मग हितं एक बी टोपी दिसंना.”

“निघालेत. आत्ताच फोन आलता. धा मिंटात पोचतील.”

“बरं. माणसं जमाय लागल्यात. मी तवर पाणी मागून घेतो.”

माझा बेत सरळ होता. फोन ठेवायचा, गाडीला किक मारायची, दहा मिनिटांत पत्र पोचवायचं. पण मामांना फोन लावता यायचा, कापता यायचा नाही. त्यांनी तो तसाच खिशात टाकला, आणि पलीकडून गाळ्यांचे मालक उदयसिंह यांचा आवाज ऐकू आल्यावर मलाही तो कापता आला नाही.

“पाणी मागून घेतो” म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. मामांचा एक नेम होता. ज्याचं पाडायचं म्हणून भिंतीवर लाल पट्टा ओढलाय, त्याच्याच घरचं आधी तांब्याभर पाणी प्यायचं. जेसीबी मागं उभा करायचा, पहारी-घणवाली माणसं लांब बसवायची आणि एकट्यानं दारात जाऊन म्हणायचं, “पावणं, घोटभर पाणी मिळंल काय?” कोल्हापुरात माणूस शिव्या देईल, गचांडी धरील, पण पाणी मागितल्यावर न्हाय म्हणायला त्याची जीभ अडखळते. पाणी दिलं की मामा ते उभ्या उभ्या पिऊन तांब्या पालथा घालून परत द्यायचे आणि मग सांगायचे, देव काढून घ्या, शेगडी काढून घ्या, अर्धा तास देतो. मामांचं म्हणणं, ज्यानं पाणी दिलं त्याचा हात नंतर उठत नाही. ज्यानं दिलं नाही, तिथं हेल्मेट घालायचं. बत्तीस वर्षांत हा हिशेब चुकला नव्हता.

उदयसिंह माजी नगरसेवक. नाल्यावर स्लॅब टाकून त्यांनी बारा गाळे काढले होते आणि गॅरेजवाल्यांना भाड्यानं दिले होते. संस्थानाच्या काळातल्या नकाशात तो नाला चाळीस फूट रुंद आहे. जागेवर बारा फूट. उरलेले अठ्ठावीस फूट पाणी पुराच्या साली कुठं जातं, ते मागच्या गल्लीतल्या वीस घरांना माहीत होतं, कारण ते त्यांच्या स्वयंपाकघरात जायचं.

मला फोनवर आधी कापडाची खसखस ऐकू आली. मग मामांचा आवाज, “पावणं, घोटभर पाणी द्या की.”

“मुकादम, तुम्हाला न्हाय म्हणीन व्हय मी?” उदयसिंह मोठ्या प्रेमानं म्हणाले. “ए, पितळी तांब्या आण रं घरातनं. प्लास्टिकचं नगं.”

नंतर घटाघटा प्यायल्याचा आवाज. तो थांबला. आणि मग घंटेसारखा एक आवाज झाला. मला खरंच आधी वाटलं, जवळपास कुठं देऊळ आहे. दुसऱ्यांदा झाला तेव्हा त्यात काहीतरी ओलं मिसळलेलं होतं.

त्यानंतरचं मी टेबलाशी बसून ऐकलं. समोर चहा होता. मारणारे बोलत बोलत मारत होते. “धर, पाय धर त्याचा.” “पहार आण.” “तोंडावर नगं, तोंडावर नगं, फोटू येतो.” दुसरा कुणीतरी म्हणाला, “मग हातावर घाल. लई लाल पट्टं वडलेत ह्या हातानं.” आणि ओल्या फांदीवर पाय पडावा तसा आवाज आला. मामा ओरडले नाहीत. आधी हुंकारल्यासारखं केलं आणि मग जोरात म्हणाले, “आरं, पोलीस यालेत! नेसरीकर पत्र दिऊन आलाय! पोरगं खोटं बोलत न्हाय!”

कुणीतरी हसलं. मग पुन्हा मार.

मी एकशे बारा नंबरला दुसऱ्याच्या फोनवरून कळवलं. कितव्या मिनिटाला, ते मला आठवत नाही. पोलीस आले तेव्हा मामा नाल्याच्या कठड्याला टेकून बसले होते. पथकातली माणसं गाडीमागं दडली होती आणि जेसीबीचा ड्रायव्हर रिजवान केबिनचं दार आतून लावून रडत होता. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्या गेल्या, डोक्याला अकरा टाके पडले. बारा गाळे जागच्या जागी होते.

लालासाबमामांना मार नवा नव्हता. ह्या शहराचा कारभार कसकसा होत गेला, ते कागदावर वाचायचं असेल तर रेकॉर्ड रूममध्ये जावं, तिथं उंदीर भेटतील. मामांच्या अंगावर ते जास्त स्वच्छ अक्षरात होतं. दुपारी डबा खाताना आम्ही एकेक खूण दाखवायला सांगायचो आणि ते पायजमा वर करून, टोपी मागं सारून दाखवायचे, जसं कुणी नातवंडांना देवस्थानं दाखवावीत.

डाव्या कानाची पाळी अर्धी होती. ती शाहूपुरीतली. रस्तारुंदीच्या वेळी एका दुकानाची पुढची फळी काढताना शेठजींनी तागडीतलं दोन किलोचं माप भिरकावलं होतं. मामा म्हणायचे, “शेठ जन्मभर मापात मारत आला, मला बी मापातच मारलं.” त्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. साहेब लोक बोलायला लागले की ते मुद्दाम तो कान पुढं करायचे.

नडगीवर एक खळगा होता, त्यात लिंबू बसेल एवढा. तो हद्दवाढीचा. कोल्हापूरची हद्द वाढवायची म्हणून निदान चार पिढ्या भांडतायत. शहराला गावं हवी आहेत, गावांना शहराचा घरफाळा नको आहे. पंचवीस वर्षांपूर्वी म्हणे कुठल्याशा साहेबाला हुक्की आली आणि त्यानं मोजणीची माणसं एका गावाच्या शिवारात धाडली. मामा तेव्हा साखळी धरायला होते. जोंधळ्यात लपून बायकांनी गोफणी चालवल्या. “पाखरं राखायच्या गोफणी,” मामा सांगायचे, “आन् आमी पाखरंच की. एक धोंडा असा आला, पाय जाग्यावर हाय का न्हाय ते चाचपून बघितलं.” साहेब जीपमध्ये बसून आधीच पळाला होता. गावकऱ्यांनी मामांना चावडीत नेऊन बसवलं, हळद भरली, जेवायला घातलं आणि पुन्हा यायचं नाही असं बजावून बैलगाडीतून हद्दीवर सोडलं. हद्द अजून तिथंच आहे.

कपाळावरची आडवी खूण मात्र मामा कधी समजावून सांगायचे नाहीत. “घरची हाय” म्हणायचे आणि टोपी पुढं ओढायचे.

ती मला मामांच्या बायकोनं, सुगरामामींनी सांगितली. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मामांच्या खाटेशी बसल्या होत्या. मी सफरचंदं घेऊन गेलो होतो. गुन्हेगार माणूस दवाखान्यात नेहमी सफरचंदंच का नेतो कुणास ठाऊक. मामांचा चेहरा एवढा सुजला होता की डोळे कुठून सुरू होतात ते शोधावं लागत होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्याला पट्टी.

“बस नेसरीकर,” मामा जड जिभेनं म्हणाले. “तुझं पत्र त्येनी हरवलं बघ. पोलिसांच्यात कागूद म्हंजे... सायबाला सांगितलं मी. पोराचा दोष न्हाय, पोरानं पत्र दिलतं.”

मी सफरचंदं ठेवली.

“तुजं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात हे,” सुगरामामी म्हणाल्या. “एक अर्ज लिवून दे. सायेब म्हणतोय ह्यास्नी सस्पेंड करणार. तेवीस दिसांत मोकळं हुनार हुते ह्ये. आता चौकशी लागली तर पेन्शन किती वर्सं लोंबकळंल? पोरीचं लगीन दिवाळीत ठरलंय.”

खरं होतं ते. उदयसिंहांनी उलटी फिर्याद दिली होती की मुकादमानंच आधी पहार उगारली, आम्ही फक्त हात धरला. बंदोबस्त नसल्यामुळं सरकारी साक्षीदार एकही नव्हता. पथकातली माणसं म्हणत होती, आम्ही गाडीमागं होतो, दिसलं नाही. हे मात्र त्यांनी खरं सांगितलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, “मुकादम म्हणतो, पोलीस निघालेत असं तू फोनवर सांगितलंस. सांगितलंस?” आणि मी म्हणालो होतो, “फोन आलता साहेब, पण रेंज नव्हती. नीट ऐकू आलं नाही.” साहेबांनी रजिस्टर उघडलं, माझं वेटोळं बघितलं आणि समाधानानं मिटलं. कागद गेला होता. मग बंदोबस्त आल्याशिवाय गाडी पुढं नेली ती मुकादमानं. “माणूस निवृत्तच होतोय,” साहेब म्हणाले. “प्रकरणही त्याच्याबरोबर निवृत्त होईल.”

अर्ज लिहिता लिहिता मी उगीच विचारलं, “मामी, कपाळावरचं कशाचं?”

मामी मामांकडं बघून हसल्या. “ते माज्या फुंकणीचं. आमच्या गल्लीत लाल पट्टं पडलं न्हवं त्या साली, ओटा आन् चुलीची पडवी धा फूट आत गेली. पाडायच्या यादीत आमचं घर, आन् पाडणाऱ्यात ह्ये. मी म्हटलं रजा टाका. तर म्हणाले, शेजाऱ्याचं मी पाडायचं आन् माझं दुसऱ्यानं? सकाळी आठला दारात हुबं. मला काय म्हणाले ठावं हाय? ‘पावणं, घोटभर पाणी मिळंल काय?’ सौताच्या बायकूला!”

“मग?”

“मग काय, फुंकणी हाणली की कपाळावर. रगात डोळ्यात. तसंच पाणी पिलं आन् पयला घण माझ्या चुलीवर घातला. पर त्येनी माज्यावर हात न्हाय उगारला. माज्यावर न्हाय, पोरींवर न्हाय, रस्त्यात कुत्र्यावर बी न्हाय. आन् तो उदयसिंह लिवून दितो, मुकादमानं मारलं म्हणून.” त्यांनी मामांची चादर सारखी केली. “लोकं मारत्यात त्याचं न्हाय वाटत बाबा. आमास्नी सवय हाय त्याची. ह्येनी मारलं, आसं कागदावर ऱ्हाणार, त्याचं वाटतंय.”

खाटेवरून मामा म्हणाले, “पाणी दिऊन मारलं गं त्यानं. त्याचंच इस्मरंना.”

मी अर्ज पुरा केला. अक्षर खरोखरच चांगलं आलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. माझा फोन जुना, कुणाकडून तरी घेतलेला. त्याला एक खोड आहे, प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. ते मला आठवलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं, पहिल्याच दिवशी. अकरा मिनिटं बारा सेकंद. त्यात मामांनी पाणी मागितलं होतं, उदयसिंहांनी तांब्या मागवला होता, “पहार आण” कोण म्हणालं ते होतं, हातावर घालायचा हुकूम होता. मामांनी बोटही उचललं नाही, हे त्यातून आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि सगळ्यात सुरुवातीला, खणखणीत रेंजमध्ये, माझा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रंकाळ्यावर एका बाकावर जाऊन बसलो आणि आवाज कापायचं एक फुकटचं अॅप उतरवून घेतलं. म्हटलं, सुरुवातीचे चाळीस सेकंद काढून टाकू. बाकी साहेबांना देऊ. मामाही सुटतील, मीही. दर दोन मिनिटांनी अॅप मध्येच जाहिरात दाखवायचं. बरगडी मोडल्याच्या आवाजानंतर एक बाई हसत हसत केसांचं तेल लावायची. चाळीस सेकंद कापले. मग चौथ्या मिनिटाला आलं, “नेसरीकर पत्र दिऊन आलाय! पोरगं खोटं बोलत न्हाय!” तेही कापलं. मग ऐकलं तर हात मोडल्याचा आवाज, पुन्हा माराचा आवाज, आणि मध्ये काहीच नाही. पुढं आठव्या मिनिटाला मामा पुन्हा माझ्याबद्दलच बोलत होते, आता बारीक आवाजात, स्वतःशी बोलल्यासारखे. “धा मिंटं म्हणालाय त्यो... धा मिंटं...” तेही कापावं लागलं असतं. माझं कापत गेलो की मामांचं बोलणं जात होतं आणि नुसता मार उरत होता.

बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, “कुठल्या पिच्चरचं हाय रं? लई जोरात मारामारी हाय.”

मी अॅप काढून टाकलं आणि सीपीआरला गेलो.

आधी मामांना ऐकवायचं ठरवलं होतं. साहेबांकडं जायला मला थोडा उशीर हवा होता, एवढाच त्याचा अर्थ. मामी बाहेर गेल्या होत्या. मी फोन मामांच्या चांगल्या कानाशी धरला आणि मुद्दाम दुसऱ्या मिनिटापासून लावला.

मामा स्वतःचा मार गड्यानं गड्याची कुस्ती बघावी तसा ऐकायला लागले. “हां, ह्यो तांब्या... ह्यो उदयसिंह सौता. हाताला जोर हाय त्याच्या, पर टप्पा चुकला... हे बघ, आता पाय धरत्यात... हां, ह्यो हात.” आवाज आला तेव्हा प्लास्टरमधली बोटं जराशी हलली. “नेसरीकर, हे कुठनं मिळालं तुला? आरं, मी सुटलो की मर्दा! सायबाला ऐकिवलंस?”

“मामा, सुरुवात ऐका,” मी म्हणालो, आणि पहिल्यापासून लावलं.

“पत्र दिलंयस न्हवं?”

“व्हय मामा, कालच दिलंय की.”

मी पिशवीतून पत्र काढून त्यांच्या पोटावर ठेवलं. तेलाचा डाग आता निम्म्या पानावर पसरला होता.

मामांना वाचता येत होतं, पण सगळं वाचायची गरजच पडली नाही. त्यांनी शिक्का बघितला, तारीख बघितली. मग माझ्याकडं बघितलं. सूज जराशी उतरली होती, त्यामुळं डोळे दिसत होते, आणि ते दिसले नसते तर बरं झालं असतं.

“कुठं हुतास?”

“फायनल बघाय गेलतो.”

“कोण जिकलं?”

मी सांगितलं.

त्यांचा उजवा हात हलला. प्लास्टरसकट तो चादरीवरून वीतभर वर आला. त्यांच्या तोंडातून कण्हणं निघालं आणि हात खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मला कळलं ते काय करतायत. मी खाटेवर वाकून गाल त्यांच्याजवळ नेला.

“सरळ हुबा ऱ्हा,” मामा दातओठ खात म्हणाले. “गाल जवळ आणून माझ्यावर उपकार करतोस व्हय रं, भाड्या? बत्तीस वर्सं हात उगारला न्हाय मी. कुणावर न्हाय. पयली तुला. उधार राहिली. जा, आधी सायबाकडं जा. आन् हे सगळंच्या सगळं ऐकीव. माझं कमी नगं आन् तुझं बी कमी नगं.”

साहेबांनी अकरा मिनिटं बारा सेकंद ऐकलं. मध्ये एकदा पाणी प्यायले आणि ग्लास लगेच खाली ठेवला. शेवटी म्हणाले, “हे तुला का सुचलं?” त्यांनी रजिस्टर मागवलं आणि दोन वर्षांतली माझी वेटोळी बोटानं मोजायला सुरुवात केली. चाळिसाव्याला सोडून दिली.

पुढचं भराभर झालं. रेकॉर्डिंग पोलिसांकडं गेलं. उदयसिंह आणि त्यांची चार माणसं आत गेली, आणि पितळी तांब्या मुद्देमाल म्हणून लाखेचा शिक्का मारून ठाण्यात ठेवला गेला. मामांवरची फिर्याद निकालात निघाली. सस्पेन्शनच्या कागदावर सही झालीच नव्हती, तो साहेबांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. माझ्या कागदावर सही झाली. कंत्राट त्याच दिवशी संपलं. रिजवान म्हणाला, “भावा, तू नुसतं पत्र दिलं नाहीस. मी तर दार लावून बसलो होतो. माझं कुणी रेकॉर्डिंग केलं नाही, एवढंच.”

पावसाच्या आधी गाळे पडले. पन्नास पोलीस होते, मी रस्त्याच्या पलीकडून मोजले. त्या दिवशी पाणी मागायला कुणी गेलं नाही. सगळ्यांनी हेल्मेट घातलं होतं. स्लॅब खाली आल्यावर नाल्याचं तोंड दिसलं, काळं आणि रुंद. मागच्या गल्लीतली एक म्हातारी ते बघायला आली आणि म्हणाली, “एवढा मोठा हुता व्हय ह्यो?”

एकतीस तारखेला मामा निवृत्त झाले. हात गळ्यात, डोक्यावर नवी टोपी. शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण. साहेबांनी त्यांना ‘खात्याचा कणा’ म्हटलं तेव्हा मामांनी पाळी तुटलेला कान पुढं केला होता. मी दारात उभा होतो, कारण आत बसायचा मला आता हक्क नव्हता. जाताना ते माझ्यासमोर थांबले.

“प्लास्टर सव्वीस जूनला निघणार हाय,” एवढंच म्हणाले.

मी आता शाहूपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. लोकांचे अर्ज लिहून देतो. अक्षर चांगलं आहे. सत्तावीस जूनला सकाळी आंघोळ करून, दाढी करून मामांच्या घरी गेलो. गाल गुळगुळीत असावा म्हटलं, त्यांना त्रास नको. मामा पडवीत बसले होते, त्याच पडवीत, जिचे दहा फूट त्यांनीच कापले होते. मामींनी न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी तो धरला आणि क्षणभर मला प्यायलाच होईना.

“पी,” मामा म्हणाले. “आमच्यात पाणी दिऊन मारत न्हाईत.”

मी प्यायलो. “मग आज नाही?”

“आज न्हाय. पाणी पिलास न्हवं.”

पुढच्या आठवड्यात मी पाणी न पिता गेलो. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिलो. मामा उठले, माझ्यासमोर आले, पाय रोवले आणि उजवा हात उचलायला लागले. डॉक्टरांनी हाडं जुळवली होती, पण हात पूर्वीचा नव्हता. तो थरथरत पोटापर्यंत आला, छातीपर्यंत आला आणि थांबला. कपाळावर घाम आला. फुंकणीच्या खुणेत तो साचला.

“तुमच्याच्यानं हुत नसंल तर मी हाणू काय?” मामी आतून ओरडल्या. “माजा हात बसल्याला हाय.”

“तू गप,” मामा म्हणाले. “उधारी माझी हाय.”

“मामा, मी जरा वाकू काय?”

“सरळ हुबा ऱ्हा म्हणतो न्हवं!”

तेव्हापासून दर शुक्रवारी, ते नमाजाहून आले की, मी जातो. मामा रोज भिंतीला हात लावून व्यायाम करतात. भिंतीवर त्यांनी खडूनं रेघ मारली आहे, मोजणीवाल्याच्या सवयीनं, हात पोचेल तिथं एक, आणि खाली तारीख. माझी उंचीही त्यांनी एकदा मला भिंतीला उभं करून टिपून ठेवली आहे, गालाच्या हाडापाशी एक लाल पट्टा. गेल्या शुक्रवारी मी दोन्ही रेघांमधलं अंतर बघितलं. हात खांद्याच्या वर आलाय. गालाला अजून चार बोटं कमी पडतात.